शस्त्र विकत घ्यावे की घडवावे?
निंजा म्हटले की चकचकीत पोलादी चांदण्या डोळ्यांपुढे येतात आणि बाजारात त्याच खपतात. इगा-कोगा परिसरातील या विद्येचा १६७६ मधील ‘बान्सेनशुकाई’ हा ग्रंथ मात्र चढण्याची, कुलूप उघडण्याची, पाणी ओलांडण्याची साधने विस्ताराने सांगतो. कुनाई मूळचे उकरण्याचे अवजार. कामा तर शेतकऱ्याचा विळाच. तेव्हा पालकांनी मुलांसाठी धारदार पोलाद विकत आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेकण्याच्या सरावासाठी शुरिकेन मुलांनी जाड रबराचे स्वतः कापावे. लाकडी बोक्केन मात्र विकतच घ्यावे. मियाकोनोजोचे कारागीर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. (तेही खेळणे नव्हे, डोक्यात बसले तर जीव घेते.) घेताना लाकडाच्या रेषा टोकापर्यंत सरळ आहेत ना, हे पाहावे. आडव्या रेषांचे लाकूड आघाताने तडकते आणि ढलपी समोरच्या मुलाच्या डोळ्यात जाते.