फोटोतला रंग आणि ताक्यातला रंग

आमच्या कापडाच्या धंद्यात आता बरेच सौदे फोनवरच्या फोटोवर ठरतात. आमच्या मते हे धोक्याचे आहे.

1975 साली कोडॅकचे इंजिनिअर स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. 1995 च्या कॅसिओ क्यूव्ही-10 ने फोटो मागच्या पडद्यावर लगेच दाखवला. 2010 साली जगात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. 2023 साली 80 लाखही नाहीत. त्यांचे काम फोनने घेतले. (फिल्मवर मोठी झालेली कोडॅक 2012 सालीच दिवाळखोरीत गेली होती.)

पण फोन फोटो नुसता टिपत नाही. बटण एकदा दाबले तरी तो अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, सावली उजळतो, रंग खुलवतो. चेहऱ्याला हे ठीक. मेहंदी रंगाचा ताका मात्र ट्यूबलाइटखाली एक दिसतो, उन्हात दुसरा, फोनमध्ये तिसराच. त्यात पाहणाऱ्याचा पडदा वेगळा. कापडाचे वजन आणि हाताला लागणारा पोत तर फोटोत येतच नाही. मग 'शेड वेगळी आहे' म्हणून माल परत येतो. खोटे कोणीच बोललेले नसते, तरी भाडे कोणी भरायचे यावरून जुने संबंध तुटतात.

व्यापारी बांधवांनी फोटो जरूर पाठवावा, पण पसंतीपुरता. सौदा कापडाचा तुकडा पोहोचल्यावर, तो दिवसाच्या उजेडात पाहूनच पक्का करावा आणि तोच तुकडा दोघांनी ऑर्डरच्या कागदाला टाचून ठेवावा.