मापात पाप

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नंदुरबार जिल्ह्यातही समाजाचे गुणगौरव समारंभ होतात. हल्ली तिथे कोडिंग बूटकॅम्पवाला पाहुणाही येतो. सहा महिन्यांत सॉफ्टवेअर डेव्हलपर, १०० टक्के नोकरी! अशाच एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी करत होते. टाळ्या वाजवा, असं मीच सांगितलं.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या अम्मीने बांगड्या मोडून प्रवेशाचे पैसे भरले. "आपांनी स्टेजवरून सांगितलं म्हणजे खरंच असणार," म्हणाली. शिकवणं म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. उरलेल्या फीचे 'सोपे हप्ते' म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज. कोर्स संपला, मुलगा मोबाईलच्या दुकानात बसतो, हप्ते चालूच आहेत.

'नोकरी लागल्यावरच फी' हे ऐकूनही भुलू नका. अमेरिकेतल्या लॅम्बडा स्कूलचा गाजावाजा याच योजनेवर झाला. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारी ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने कारवाई केली. जाहिरातीत नोकरी मिळालेले ७१ ते ८६ टक्के. ब्युरोच्या मते प्रत्यक्षात ५० च्या आसपास, काही तुकड्यांत जेमतेम ३०. 'हे कर्ज नाही' असं सांगून सह्या घेतल्या, ते कर्जच होतं.

कोणी म्हणेल, काही मुलांना नोकऱ्या लागतातच की. लागतात, आणि कोडिंग शिकण्यासारखंच आहे. मग हिशेब द्या ना! प्रवेश किती, मधेच सोडून गेले किती, नोकरी कुठे, पगार किती? सोडून गेलेले वगळून काढलेला टक्का म्हणजे दांडी मारलेला तराजू. सूरह मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांबद्दलच आहे. आपण ती पढतो आणि समजतो, किराणा दुकानदाराला सांगितलंय.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यात मना आहेत. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पण तक्रारीची वेळ येते कशामुळे? आपण स्टेज देतो म्हणून. संयोजकांनो, बॅनरचा खर्च देतो म्हणून कोणाच्याही हाती माईक देऊ नका. आधी हिशेब लेखी मागा, करारनामा उर्दू-मराठीत आई-बापांना वाचून दाखवा. मी त्या घरी जाऊन माफी मागितली. अम्मीने चहा दिला, तेव्हा तिच्या मोकळ्या मनगटाकडे मला बघवलं नाही.