मंडईची वाट कोणी अडविली?

पुण्यातील महात्मा फुले मंडई, तिच्या लगतची तुळशीबाग व तेथून चार पावलांवरचा लक्ष्मी रस्ता मिळून या शहराचा मोठा बाजार होतो. माल तेथे आहे, गिऱ्हाईक आहे, पैसाही आहे. नाही ती फक्त तेथवर जाण्याची वाट. सणावाराच्या दिवसांत सायंकाळी या भागात शिरलेला मनुष्य मोटारीत असो वा पायी असो, तो चालत नाही, ढकलला जातो. याविषयी कुरकुर करणे हा पुणेकरांचा नित्यनेमच होऊन बसला आहे. तीत भर घालण्याची आमची इच्छा नाही; या दुःस्थितीस कारण कोण व तीवरील उपाय कोणाच्या हाती, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

पेठांचे रस्ते अरुंद आहेत, हे उत्तर ठरलेले. ते खोटे नाही. हे रस्ते पादचारी, घोडी व बैलगाड्या यांच्यासाठी झाले. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणात भरे. तो हलवून १८८६ साली रे मार्केटची इमारत उभी राहिली. नगरपालिकेचे सभासद असता जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे म्हटले होते, आणि १९३८ साली त्याच इमारतीस त्यांचे नाव देण्यात आले! ते असो. रस्ता अरुंद आहे हे कबूल केले, तरी जो आहे तो तरी लोकांच्या वाट्यास पुरा येतो काय, हा खरा प्रश्न आहे.

तो येत नाही, आणि याचा पहिला दोष आमच्या व्यापारी बंधूंकडे जातो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुकानाची फळी पायरीवर येते, पायरीवरून पदपथावर येते, आणि पदपथ संपला की पुतळे व कपड्यांच्या दांड्या रस्त्यावर उभ्या राहतात. मालकाची व नोकरांची दुचाकी सकाळी दारात लागते ती रात्रीच हलते. म्हणजे गिऱ्हाइकाला गाडी लावण्यास जी जागा हवी ती दुकानदारानेच अडवावयाची, आणि गिऱ्हाईक उपनगरांतील मोठ्या दुकानांकडे वळले म्हणून हळहळावयाचे! शिवाय ऐन गर्दीच्या वेळी माल उतरविणारा टेंपो आडवा उभा राहिला, की मागचा सारा रस्ता तुंबतो.

या सर्वांचे खापर पथारीवाल्यांवर फोडण्याची चाल पडली आहे. कायदा तसे म्हणत नाही. रस्त्यावर व्यापार करणे हा संविधानाने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र तो वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदानसिंग यांच्या खटल्यात दिला. २०१४ च्या कायद्याप्रमाणे विक्रेत्यांची पाहणी पुरी होऊन त्यांस प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्यांस उठविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे असावे लागतात. अर्थात, या कायद्याने कोणासही वाटेल तेथे बसण्याची मुभा दिलेली नाही. जागा आखून देण्याचे काम त्याने पालिकेवर टाकले आहे. रस्त्यांवरील अडथळे दूर करणे हेही महापालिका अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने तिचे बंधनकारक कर्तव्य ठरते. पथारीवाल्याची गाडी उचलावयाची व शेजारच्या पक्क्या दुकानाची पुढे आलेली फळी पाहावयाची नाही, हा न्याय नव्हे. परकीयांचे राज्य होते तेव्हा दोष त्यांस देता येत असे. आता नगरसेवक आपले, अधिकारी आपले व कायदाही आपलाच आहे.

गर्दीत वेळ जातो, इंधन जळते, हे नुकसान सोसण्याजोगे आहे. परंतु तुळशीबागेच्या बोळांत कापड, प्लॅस्टिक व विजेच्या तारा यांची जी दाटी आहे, तीत एखादी ठिणगी पडली तर अग्निशामक बंब आत कोठून जाणार? भरल्या बाजारातून बायकामुलांनी बाहेर कसे पडावे? हे विचारण्यास दुर्घटनेची वाट पाहावयाची काय?

वाहने बंद केली तर धंदा बसेल, अशी व्यापाऱ्यांस भीती वाटते. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण घाऊक माल व वृद्ध गिऱ्हाईक यांची सोय पाहावीच लागेल. परंतु ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन पाळण्यात आला, तेव्हा लोक तेथे मोकळेपणी हिंडले. गणेशोत्सवातही रस्ते बंद असता गिऱ्हाईक पायी येतेच. शिवाय २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटातून मेट्रो धावू लागली आहे. स्थानकातून वर आलेल्या माणसाला पाय ठेवण्यास जागा नसेल, तर भुयार खणण्यास झालेला खर्च अर्धा फुकट गेला म्हणावयाचा.

रस्ते रुंद करा, असेही कित्येक म्हणतात. वाडे पाडून मिळालेली जागा उभ्या गाड्यांनीच भरावयाची असेल तर तो उपाय आम्हांस मान्य नाही.

पालिकेने व वाहतूक पोलिसांनी मिळून मालाची चढउतार सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी व रात्री ती मिटल्यावरच होऊ द्यावी. सायंकाळच्या प्रहरी मंडईभोवतालचा रस्ता पादचाऱ्यांस मोकळा ठेवावा. बंबाची वाट रंगाने आखून तीवर कोणासही, मग तो कितीही वजनदार असो, थांबू देऊ नये. आणि पथारीवाल्यांच्या जागा समितीत ठरवून जाहीर कराव्यात. या कामांस ठराव, निविदा व मंजुऱ्या लागतील. दुकानापुढची फळी आत घेण्यास मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. ते काम व्यापारी मंडळींस उद्या सकाळी कुलूप काढतानाच करता येईल.