मुसाफिरखान्याची चावी कोणाकडे?

मुसाफिरखाना बांधायला देणगी मिळते, तो उघडा ठेवायला माणूस मिळत नाही. विदर्भातल्या लहान गावांत मी अशा कितीतरी खोल्या पाहिल्या आहेत. दारावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी, कडीला गंजलेलं कुलूप आणि आत लग्नाच्या डेगी, सतरंज्या, मोडका कूलर. खोलीही आहे आणि मुसाफिरही. मधला माणूस तेवढा नाही. आणि हा मधला माणूस पगारीच हवा, हे मला पटत नाही. महिन्यातल्या दोन रात्री देणारी पंचवीस पोरं-पोरी असली तर एक मुसाफिरखाना वर्षभर चालतो.

‘आता पायी कोण फिरतं?’ असं लगेच कोणीतरी म्हणेल. निदान हिंगणघाटकराने तरी हा प्रश्न विचारू नये. हैदराबाद–नागपूर रस्ता, आजचा राष्ट्रीय महामार्ग 44, आपल्या गावाला लागून जातो. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि या रस्त्याने माणसं उत्तरेकडे चालू लागली. त्या वर्षी रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला. आम्ही दहा-बारा जण रोजे धरून रस्त्याच्या कडेला पाणी, केळी, बिस्किटं घेऊन उभे राहायचो. लोक पाणी घ्यायचे, कोणी चप्पल आहे का म्हणायचं. पण सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न वेगळाच होता: ‘भैया, थोड़ी देर लेटने की जगह मिलेगी?’ जवळच एक मोठं सार्वजनिक सभागृह रिकामं पडलं होतं. ज्यांच्याकडे त्याची चावी होती ते म्हणाले, वरून आदेश नाही. शेवटी आम्ही कडुनिंबाला ताडपत्री बांधली. मे महिन्यातलं वैदर्भी ऊन ताडपत्रीने किती अडणार!

ती वेळ निराळी होती हे कबूल. पण एरवीही रस्ते रिकामे नसतात. कापूस वेचायला मध्य प्रदेशातून मजूर कुटुंबं येतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पेशंट भरती असतो आणि त्याचा भाऊ बाहेर वऱ्हांड्यात पेपर अंथरून झोपतो. नागपूरला ताजबागला जाणारे, शेगावहून पालखीसोबत पंढरपूरला शेकडो किलोमीटर चालणारे, हे सगळे आपल्याच मुलखातले पायी चालणारे लोक आहेत.

जकातीचे जे आठ हक्कदार कुरआनने सांगितले, त्यांत मुसाफिर आहे. तो घरी श्रीमंत असेना का, रस्त्यावर अडला की हक्कदार. आपण जकातीचा हिशेब करताना हा रकाना बहुतेक वेळा रिकामा सोडतो, कारण मुसाफिर दारात येऊन पावती फाडत नाही. आपल्या जुन्या लोकांनी मात्र त्याचा विचार पक्का केला होता. औरंगाबादची पाणचक्की आपण सहलीला पाहतो, फोटो काढतो. ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची आहे, आणि तिथल्या पाण्यावर फिरणारं जातं फकिरांसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळायचं. नुसती निवाऱ्याची इमारत उभी करून ते थांबले नाहीत, रोजच्या भाकरीची सोयही त्यांनी लावून दिली.

आणि गाडगेबाबा तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलेच. त्यांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात ज्यांना कोणी ओसरीवरही बसू देत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि 1949 मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली. आज नाव विचारून भाड्याची खोली नाकारली जाण्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. म्हणूनच आपण जी खोली उघडू तिथे नाव विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे यायला हवा.

स्वयंसेवकांवर हे चालतं का? पार दूरचं एक उदाहरण देतो. ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगराळ भागात, एलेनिड नावाच्या निर्जन पठारी मुलखात, डॉलगॉख आणि टिन कॉर्नेल ही दोन जुनी शेतघरं डोंगर चालणाऱ्यांसाठी हॉस्टेल म्हणून चालत होती. 1930 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या युथ हॉस्टेल संघटनेला 2006 च्या सुमारास अशी दूरची, तोट्यातली हॉस्टेलं परवडेनाशी झाली. तेव्हा त्या मुलखात चालणाऱ्या लोकांनीच ट्रस्ट केला आणि ही दोन्ही घरं सांभाळायला घेतली. पाळीपाळीने स्वयंसेवक जातात, चुलीची लाकडं, गळकं छप्पर, पांघरुणं, मुक्कामाची नोंद सगळं बघतात. डॉलगॉखला वर्षानुवर्षं गॅसच्या दिव्यांवरच रात्र निघत आली. एसी नाही, संगमरवर नाही. आलेल्याला दार उघडं मिळतं. मोठ्या संस्थेला जे जमेना ते तिथे पाळीच्या कागदाने जमवलं.

आपल्याकडे हे सुरू करायला गिरडसारखी जागा नाही. समुद्रपूर तालुक्यात टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे. मुलूख पायाखाली घालत फिरलेला फकीर, अशीच त्यांची आठवण लोक सांगतात. व्यापाऱ्यांचा माल दगड झाला ही गोष्ट इथल्या प्रत्येक आजीला येते, आणि जायफळासारखे ते दगड टेकडीवर आजही सापडतात. दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघंही येतात. हिंगणघाटहून समुद्रपूरमार्गे गिरड, या वाटेवर एक खोली पुरे. नवी बांधायची नाही. बंद पडलेली मागायची.

पोलिसांची अडचण सांगितली जाते. ती खरी आहे, पण अवघड नाही. ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये लिहायचं, तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही, ठाण्यात आधीच कळवून ठेवायचं. मेहमानाचा हक्क तीन दिवसांचा, ही मर्यादाही आपल्या परंपरेतलीच आहे. बायकांसाठी वेगळी खोली आणि तिची चावी मुलींच्या पाळीत, हे मात्र पहिल्या दिवसापासून हवं. ‘नंतर बघू’ म्हटलेल्या गोष्टी आपल्याकडे कधीच बघितल्या जात नाहीत.

जमात कमिटीकडे देणगी मागायला जाऊ नका. तिथे पाटीवर कोणाचं नाव यावरून सहा महिने जातील. फक्त चावी मागा, लेखी, वर्षभरासाठी. सोबत पंचवीस नावांचा पाळीचा कागद जोडा, प्रत्येकाच्या दोन तारखांसह. आत लागतं काय? चार गाद्या, आठ चादरी, माठ, बादली, खराटा, कुलूप, रजिस्टर. डेगी आणि सतरंज्या दुसरीकडे हलवायला एक टेम्पो लागेल. तो माझ्या मामेभावाचा आहे, रविवारी रिकामा असतो.