कट्ट्याची साथ गल्लीतच रोखा

आरोग्याच्या सदरात बंदुकीचा विषय कशाला, असे कुणी विचारील. पण साथ जशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तसाच बंदुकीचा सूडही पसरतो. जागतिक आरोग्य सभेने १९९६ मध्येच हिंसाचाराला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानले. अमेरिकेतील शिकागो शहरात साथरोगतज्ज्ञ डॉ. गॅरी स्लटकिन यांनी २००० साली याच विचाराने काम सुरू केले. वस्तीतलीच विश्वासातली माणसे, भांडण पेटण्याआधी दोन्ही बाजूंना भेटून समजावू लागली.

कुंडलला हे नवे नाही. क्रांतिसिंह नाना पाटील व जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारच्या काळात (१९४३ ते १९४६) गावोगावी न्यायदान मंडळे उभी राहिली आणि दरोडेखोर, गावगुंडांना आवर बसला. तेव्हाची पत्रीची शिक्षा आज नको. गावाची एकजूट मात्र हवी.

माझे म्हणणे एवढेच. प्रत्येक गल्लीतील चार-पाच जाणत्या स्त्री-पुरुषांनी पोरांच्या कुरबुरी वेळीच मिटवाव्यात. वरातीत, मिरवणुकीत बंदुकीचे बार काढू देऊ नयेत. इतरांच्या जिवाला धोका होईल अशा गोळीबाराला, शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. गावठी कट्टा दिसल्यास हात न लावता ११२ वर कळवावे. कुणी जखमी झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

पोलीस आणि डॉक्टर गोळी सुटल्यावर येतात. शेजारी त्याआधी पोचू शकतो.