एका गंजलेल्या खिमायंत्राच्या निमित्ताने

स्वयंपाकघरातील जुन्या वस्तूंविषयी लिहिण्याची मराठीत एक रूढ पद्धत आहे. जाते, उखळ, पाटा-वरवंटा, विळी, अडकित्ता यांपैकी काहीतरी माळ्यावर सापडते, लेखकास आजी आठवते, तिच्या हाताची चव आठवते, मध्येच एखादी ओवी येते आणि शेवटी मिक्सरच्या आवाजाला दोष देऊन लेख संपतो. असे एक-दोन लेख आम्हीही लिहिले असल्याने या पद्धतीची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र गेल्या हिवाळ्यात एक वस्तू हाती आली, तिच्याविषयी याच पद्धतीने लिहावयास बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात अडलो. वस्तू होती मांसाचा खिमा करण्याचे, हाताने फिरवावयाचे यंत्र. तिच्याबरोबर कोणती आजी आठवावी, हेच आम्हांस उमगेना.

यंत्र मिळाले भिंगारला. नगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, परंतु एस.टी.त बसताना तोंडून अजून 'नगर'च निघते, तसेच लष्करी छावणीला लागून असलेले भिंगार भिंगारच राहिले आहे. तेथील एका भंगारवाल्याकडे (भिंगारचे भंगार हा विनोद तो दिवसातून दहा वेळा ऐकत असावा) सायकलींच्या सांगाड्यांखाली हे धूड पडले होते. त्याने ते वजनावर दिले. साडेतीन किलो बीड, त्यावर तांबूस गंज, मुठीचे लाकूड नाहीसे झालेले, आणि तोंडावरचे कडे असे घट्ट बसलेले की यंत्र नसून एकसंध ओतीव गोळाच वाटावा. छावणीतल्या कुणा साहेबाच्या खानसाम्याने ते वापरले असेल, की गावातल्या एखाद्या खाणावळीने, हे सांगण्यास त्यावर काहीच उरले नव्हते. अंगावर केवळ १० हा आकडा वाचता येत होता. तो यंत्राच्या मापाचा.

वास्तविक आम्हांस हवे होते दुसरेच यंत्र. मांसाचे पातळ काप करणारे, मोठ्या चाकाचे. रॉटरडॅमच्या विल्हेल्म फान बेर्केल नावाच्या खाटकाने ते १८९८ च्या सुमारास सिद्ध केले. बशीसारखे गोल पाते जागच्या जागी फिरते आणि मांस ठेवलेला पाट त्याच्यापुढून सरकतो, ही त्याची कल्पना. त्याच्या कंपनीची लाल रंगाची जुनी यंत्रे युरोपातील हौशी लोक आज मोठा खर्च करून दुरुस्त करून घेतात आणि पाहुण्यांना दिसतील अशी मांडून ठेवतात. नगरला असले यंत्र मिळेल ही अपेक्षाच खुळी होती. आपल्याकडे थंड मांसाचे काप पावाबरोबर खाण्याची रीत नाही. आपले मटण ताजे, हाडासकट, सत्तुराने तोडलेले. मांसाचे लांब, पातळ काप करण्याची कला आपल्याकडे ज्यांच्याजवळ होती त्यांनी ते उन्हात वाळवण्यासाठी केले, आणि त्या 'चान्यां'विषयी पुढे बोलावेच लागणार आहे. तूर्त हाती आलेले खिमायंत्र.

दुरुस्तीची सुरुवात आम्ही चुकीने केली. कडे निघेना म्हणून हातोडी घातली आणि कड्याचा एक कान उडवला. बीड वाकत नाही, तुटते, ही शाळेतल्या भौतिकशास्त्राची ओळ त्या क्षणी आठवली. मग दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवले. तिसऱ्या दिवशी कड्यावर उकळते पाणी ओतले आणि फडक्यात धरून पिळले, तेव्हा ते करकरत सुटले. आत कुणाच्या तरी शेवटच्या मेजवानीची चरबी दगडासारखी बसलेली होती. ती धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात गेली. गंजासाठी लिंबाच्या फुलांचे पाणी वापरले. काही तासच, कारण रात्रभर ठेवल्यास ते गंज संपवून लोखंड खाऊ लागते. पुन्हा सोड्याचे पाणी, मग शेगडीवर शेकून कोरडे करणे आणि लगोलग खाण्याच्या तेलाचा हात. यात क्षणाचाही आळस चालत नाही. चहा घ्यावयास गेलो तेवढ्यात एका बाजूस नवा, केशरी गंज उमटला होता.

आतली कल्हई बहुतेक गेली होती. ती पुन्हा करावी म्हणून कल्हईवाल्याचा शोध घेतला. तो सापडला, यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि नको म्हणाला. पितळ-तांब्यावर नवसागर मारून कथील फिरवले की ते धरते. बीडात कार्बन मिसळलेला, त्यावर ते नीट धरत नाही, जागोजाग सुटते. कारखान्यात ते निराळ्या रीतीने करतात, माझ्याच्याने होणार नाही, पैसे घेऊन वाईट काम देणार नाही, असे तो म्हणाला. कथलात शिसे मिसळून चकाकी आणून देणारे महाभाग या धंद्यात आहेत, आणि शिसे पोटात जाणे म्हणजे सावकाश विष घेणे. म्हणून या गृहस्थाच्या नकाराचे मोल आम्हांस अधिक वाटते. यंत्र कल्हईविना ठेवले. उघड्या बीडाने अपाय होत नाही, फक्त त्याला तेलाशिवाय राहवत नाही.

पाते आणि चाळणी यांचे काम सर्वांत सुखाचे झाले. चार पात्यांची ती सुरी चाळणीवर सर्वत्र सारखी टेकली पाहिजे. केसाइतकी फट राहिली तरी मांस कापले न जाता चेंगरते. काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर पसरून, पाणी टाकून, दोन्ही वस्तू सपाट धरून घासत बसलो. काळ्या पृष्ठावर आधी मधोमध चकाकी येते, मग ती कडांकडे पसरत जाते, आणि ती कडेपर्यंत पोहोचली की समजावे, सपाटी आली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग सर्व जोडले, अर्धा किलो मटण घातले, दांडा फिरवला. आणि बाहेर आला तो राखाडी चिखल. शिरा पात्याभोवती सुतासारख्या गुंडाळल्या गेल्या होत्या.

ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षे मटण घेतो त्या चाचांकडे यंत्र पिशवीत घालून नेले. त्यांनी कडे सोडवून आत नजर टाकली.

"सर, पातं उलटं बसलंय. सपाट बाजू चाळणीकडं पाहिजे." मग दोन बोटांनी ते फिरवून बसवत म्हणाले, "आणि कडं ढिलं ठेवू नका. मटण आधी फ्रीजमध्ये गार करा, शिरा काढा. गरम चरबी सांडगत नाही, नुसती लिपते."

एवढेच. अर्ध्या मिनिटाचे काम. 'सांडगणे' हे क्रियापद आम्ही त्याआधी ऐकले नव्हते. ज्या भागास आम्ही मोठ्या ऐटीत मळसूत्र म्हणत होतो त्यास ते फिरकी म्हणत होते, आणि वरच्या फुगीर तोंडास आम्हांस शब्दच नव्हता. आम्ही मनातल्या मनात त्यास पाभरीचे चाडे म्हणत होतो. चाचांनी चाडे म्हटले की नाही ते विचारण्याचे राहून गेले.

येथे आमचा मूळ मुद्दा येतो. विळीचे पाते, मोगरी, पाट, खवणी. जात्याची तळी, पेठ, खुंटा. एवढे शब्द शहरी मराठी लेखकासही ठाऊक असतात, कारण ते त्याने वाचलेले असतात. जात्यावर गायल्या गेलेल्या ओव्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने लाखाच्या वर गोळा झाल्या, हे मराठीचे भाग्यच. अडकित्त्यांसाठी पुण्यास केळकर संग्रहालय आहे. किंबहुना आमच्याच गावात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९६५ च्या युद्धातील पॅटन तेथे रंगरंगोटी करून उभे आहेत. मांस शिजवणाऱ्या घरांच्या सुऱ्या, ओंडके, खिमायंत्रे मात्र आमच्या तरी पाहण्यात कोणी मांडलेली नाहीत, आणि त्यांविषयी गहिवरून लिहिलेला लेखही आमच्या वाचनात नाही. महाराष्ट्रात मांस खाणारी घरे थोडी आहेत म्हणून असे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

याचे झटपट उत्तर सर्वांना ठाऊक आहे: लिहिणारे शाकाहारी होते. ते अर्धेच खरे आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले. त्या पाठारे प्रभू समाजातल्या. त्यांच्या पुस्तकात मांस-मासळी संकोचाविना आहे. पुढच्या काळात मराठी स्वयंपाकाचे सर्वमान्य चित्र मात्र वरण-भात आणि पुरणपोळीभोवती स्थिरावले, हे खरे. तरीही सारा दोष एका जातीच्या पदरी बांधणे आम्हांस सोयीचे वाटते, प्रामाणिक वाटत नाही. कारण आमचे स्वतःचे घर आमच्या डोळ्यांसमोर आहे.

आमचे मूळ घर नेवासे तालुक्यातले. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली तो हा मुलूख. येथे घरटी एक तरी माळ असतेच. आमच्या आजीच्या गळ्यात होती, आता आईच्या आहे. बोकड पडला की गावचा मुलाणी येई, वाटे घातले जात, आणि आमचा वाटा घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. गोठ्याच्या कडेला तीन दगडांची चूल, चुलते रांधणारे, आणि पातेले, सुरा, पाट हे सारे गोठ्याच्या फळीवर. या सामानास आमच्या घरात एकच नाव होते: 'बाहेरचं'. बाहेरचं आण, बाहेरचं घासून ठेव. प्रत्येक वस्तूस निराळा शब्द लागतच नव्हता. कोणी कुणाचा द्वेष केला नाही; आजीने कधी नाक मुरडल्याचे आठवत नाही. केवळ त्या वस्तू कुणाच्या मायेच्या झाल्या नाहीत.

आणि तिसरीकडचे मौन या दोहोंहून निराळे, त्याविषयी बोलताना आम्हांस जपूनच बोलावे लागते. मांसाचे पातळ काप काढून चान्या वाळवणे, त्या महिनोन्‌महिने टिकवणे, हे कौशल्य महार-मांग वस्त्यांतले. ते ज्या मांसावर चाले ते पुष्कळदा मेलेल्या ढोराचे, गावाने ओढून नेण्यास लावलेले. महाडच्या १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्यास सांगितले, आणि लोकांनी ते सोडले. त्याबरोबर ती सुरी, ती दोरी, ते शब्दही पुष्कळांनी टाकले. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा आपले तपशील उघड्यावर मांडले म्हणून त्यांच्यावर रुष्ट झालेले लोक त्यांच्या समाजातही होते. अपमानाची खूण असलेल्या वस्तूस तेल लावून जपा, असे त्या लोकांना सांगणारे आम्ही कोण? शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यात चान्या आहेत, आणि त्या लाजेविना व गहिवराविना सांगितलेल्या आहेत. हे काम त्या घरातल्या लेखकाने केले, म्हणूनच ते नीट झाले.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच मर्यादित आहे: ज्यांच्या घरात या वस्तू केवळ 'बाहेरच्या' होत्या, अपमानाच्या नव्हत्या, त्यांना गप्प बसण्यास सबब नाही. आमच्यासारख्यांनी निदान नावे तरी टिपावीत. यावर एका मित्राचा आक्षेप असा की खिमा दुकानात तयार मिळतो, विजेवर चालणारी यंत्रे मिळतात, मग हा खटाटोप म्हणजे छंदास तत्त्वज्ञानाचे अस्तर लावणे. छंद तर आहेच. शिवाय हाताने काढलेला खिमा दाणेदार राहतो, कोणते मांस आत गेले ते डोळ्यांपुढे असते, हे फायदे आम्ही त्यास सांगितले; ते त्यास पटले नाहीत. असो. प्रत्येक जुने यंत्र वाचवावे असेही आमचे मत नाही. कल्हईचे पापुद्रे सुटत असतील, आतून रंग मारलेला असेल किंवा अंगास तडा असेल, तर ते भंगारवाल्याकडेच बरे. परंतु यंत्र वाचवता येण्याजोगे आहे आणि पाते कोणत्या बाजूने बसते हे सांगणारा माणूस गावात एकच उरला आहे, ही स्थिती आमच्या मते छंदापलीकडची आहे. चाचांचा मुलगा दुकानात बसत नाही. त्याने पुण्यास नोकरी धरली आहे.

सुताराने मुठीस बाभळीचे लाकूड बसवून दिले. वरून मांस दाबण्यासाठी त्याच लाकडाचा एक दांडूही करून घेतला, कारण तेथे बोट घालण्याचा मोह सर्वांनाच होतो. संगमनेरी बोकडाच्या मांसाचा दुसरा खिमा चांगला निघाला, सुटा आणि लाल. यंत्र पडवीच्या कठड्याला आवळलेले आहे. स्वयंपाकघरात नेण्याचा विषय आम्ही काढला नाही, आईनेही काढला नाही. त्या रात्री मात्र ती दाराशी आली, उंबऱ्याच्या आतूनच यंत्राकडे पाहत म्हणाली, "ओलं नाही ना ठेवलंस? दहिवरानं गंजेल." आणि शेंगदाण्याच्या तेलाची बाटली तिने उंबऱ्यावर ठेवली.