बंडी उलाळ का होते?

बालमित्रांनो, माजरी म्हटलं की कोळशाच्या खाणी आठवतात. पण तिकडच्या शिवारात कापूसही पिकतो. कापूस बंडीत मागच्या बाजूला जास्त भरला, की जू वर उचलतं नि बैलांचा गळा आवळतो. बंडी उलाळ झाली म्हणतात ती हीच! पुढं जास्त भरला, तर भार मानेवर.

समजा, रिकामी बंडी तोललेली आहे. कण्यापासून जू 3 मीटरवर, माल 500 किलो. मालाचा मध्य कण्याच्या 30 सेंटिमीटर पुढं आला, तर जुवावर 50 किलो येतात, म्हणजे दर बैलामागे 25. 60 सेंटिमीटर पुढं आला, की दुप्पट! माल मात्र तेवढाच, बरं का.

दोन चाकी ट्रॉलीचंही तसंच. हुकावर फार भार आला, की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात नि तो नीट वळत नाही. मोटारीमागच्या ट्रेलरचा साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवतात. फार कमी पडला, तर वेगात ट्रेलर डुलायला लागतो. म्हणूनच गाडी किती ओढेल आणि हुक किती सोसेल, हे दोन आकडे वेगळे असतात.

आता पट्टी पेन्सिलीवर तोला, एका टोकाखाली बोट धरा नि खोडरबर पुढं-मागं सरकवून बघा.